मागचा ब्रेक

५ ऑगस्ट, मंगळवार

पहिला प्रश्न — "रांगोळी येते का?"

गाडी बनवणाऱ्या क्लबची मुलाखत आणि हा पहिला प्रश्न! विचारणारा शंभूराज. शेवटच्या वर्षाला आहे, क्लबचा कॅप्टन, कानावर कायम पेन्सिल आणि ती वापरताना कधी दिसत नाही. मी म्हटलं, येते. मग म्हणाला, "सूत्रसंचालन?" तेही येतं म्हटलं. साफ खोटं. दहावीच्या निरोप समारंभात माईक हातात आला आणि मी पाहुण्यांचं नावच विसरले होते. तो खूश. "मग झालं. मॅनेजमेंट. मुली छान सांभाळतात ते."

मी म्हटलं, मला ब्रेक पाहिजेत.

तो शेजारच्या पोराकडे बघायला लागला. "ब्रेकच का?" म्हटलं, गाडी पळते कशी ते वर्गात शिकवलं, थांबते कशी ते अजून कुणी सांगितलं नाही.

ठरवून नव्हते बोलले. पण बाहेर आल्यावर तोच प्रश्न डोक्यात. पायाखालची एवढीशी पट्टी दाबायची आणि तिकडे चार चाकं गप्प होतात. मधे नेमकं काय होतं?

७ ऑगस्ट, गुरुवार

यादी लागली. ब्रेक — जयराज, सोनिया. सोनिया म्हणजे मी! दोनदा जाऊन वाचून आले.

उत्कर्षाला सस्पेन्शन हवं होतं. ही माझी रूममेट, फलटणची, इलेक्ट्रॉनिक्सला आहे. सलग दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट. "मला म्हणाले तुझं अक्षर छान आहे," एवढंच बोलली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मला आनंद झालाय हे तिच्यासमोर दाखवायचं कसं ते कळेना, म्हणून उगीच कपडे आवरत बसले.

मला का घेतलं तेही कळलं. जयराजचा जोडीदार इंटर्नशिपला गेला आणि ब्रेकला दुसरं कुणी यायला तयार नाही. इंजिनवाल्यांचं नाव होतं, ड्रायव्हरचे फोटो येतात. गाडी थांबली म्हणून कोण टाळ्या वाजवतं? असो. मिळालं ना.

१८ ऑगस्ट, सोमवार

शेड म्हणजे वर्कशॉपच्या मागचा पत्र्याचा आडोसा. दुपारी आत भाजून निघायला होतं. मधोमध गाडी. गाडी म्हणजे नुसते वाकवलेले पाइप, एक सीट, चार जाड टायर. दारं नाहीत, छप्पर नाही. खड्ड्यांतून, ढिगाऱ्यांवरून उड्या मारत पळवायची. जानेवारीत इंदूरजवळ स्पर्धा, देशभरातली कॉलेजं येतात. तिथं आधी ब्रेकची परीक्षा. पॅडल मारलं की चारही चाकं एकदम आवळली पाहिजेत. एक जरी फिरलं तरी गाडी मैदानात सोडत नाहीत.

आणि महत्त्वाचं — इंदूरला प्रत्येक विभागाचे दोघंच जातात. मॅनेजमेंटवाले इथंच राहतात. म्हणजे मी जाणार! आमच्या घरातलं कुणी राज्याबाहेर गेलं असेल तर ते मेंढरांमागे कर्नाटकात.

जयराज तिसऱ्या वर्षाला आहे, विट्याकडचा. चांगला आहे, पण बोलायला कंजूष. मी विचारलं, पुढच्या दोन चाकांना दोन ब्रेक आणि मागे एकच, असं का? म्हणाला, "मागची दोनी चाकं एकाच दांड्यावर हायत. गिअरबॉक्सपाशी एक डिस्क आवळली की दोनी थांबत्यात." मग म्हटलं, तो दांडा तुटला तर? "तुटत न्हाई." पण तुटला तर? त्यानं पाना खाली ठेवला. "लय इचारतीस तू."

हे मला पहिलीपासून सगळे सांगत आलेत.

९ सप्टेंबर, मंगळवार

ब्रेकमधली हवा काढायला शिकले. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पॅडल मऊ लागतं आणि ब्रेक लागत नाही. कारण तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, जरा सैल करायचं, बुडबुडा बाहेर, निपल घट्ट, मग पॅडल सोडायचं. परत तेच. जयराज वर बसून "धरलं", "सोडतोय" म्हणत राहतो. मी खाली आडवी. आज शेवटी नळीतून नुसतं सोनेरी तेल आलं, एकही बुडबुडा नाही. इतकं बरं वाटलं!

ओढणीवर ब्रेक ऑइल सांडलं. वाटलं गेली ओढणी. हॉस्टेलवर नुसत्या पाण्यात धरली तर सगळं निघालं, साबणसुद्धा लागला नाही. तेल आणि पाण्यात विरघळतं? जयराजला विचारलं तर म्हणे, "ते आसंच असतंय." असंच असतंय हे काय उत्तर झालं! लायब्ररीत शोधलं. ब्रेक ऑइल हे खरं तेलच नसतं, ते पाणी ओढून घेतं. म्हणून डबी उघडी ठेवायची नाही. उद्या जयराजला सांगणार. आवडणार नाही त्याला.

२० सप्टेंबर, शनिवार

आप्पांचा फोन. रानात होते, मागे मेंढरांचा कालवा. म्हटलं, आप्पा, आम्ही गाडी बनवतोय. "कुनाची?" म्हटलं, कॉलेजची. "आन् तू काय करतीस?" म्हटलं, ब्रेक.

मग म्हणाले, "म्हंजी पळवायचं काम दुसऱ्याचं आन् थांबवायचं तुजं." म्हटलं, व्हय. "मग नीट कर. पळवनारा चुकला तर चालतंय."

एवढं बोलून लगेच कुत्र्यावर ओरडले आणि फोन कट.

२८ सप्टेंबर, रविवार

आज मागचा ब्रेक पूर्ण मी केला. जयराज फक्त पॅडलवर. निपल मी आवळलं, दोनदा तपासलं, वरून पुसून कोरडं केलं आणि बोट फिरवून बघितलं. पॅडल दगडासारखं लागलं. जयराज म्हणाला, "जमलं की तुला." तो जास्तीत जास्त एवढंच म्हणतो.

उद्या दसऱ्यासाठी घरी.

२ ऑक्टोबर, गुरुवार. घरी

काल खंडेनवमी. आमच्याकडे कातर, कुऱ्हाड, विळे, सगळं धुऊन पुजलं. आप्पांनी या वेळी माझा कंपासबॉक्सही पाटावर ठेवायला लावला. आतलं कर्कटक गंजलेलं निघालं, त्यावर आई हसत सुटली.

उत्कर्षानं फोटो पाठवला. कॉलेजात गाडीची पूजा झाली. पुढून मागून झेंडूच्या माळा, पाइपांवर हळदीकुंकवाची बोटं, सीटवर नारळ. गाडी नवरीसारखी दिसतेय. पूजेनंतर दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून शेडला कुलूप. कॅप्टन एरवी रविवारीही सुटी देत नाही!

११ ऑक्टोबर, शनिवार

आज ब्रेकची पहिली खरी चाचणी. पुढची दोन्ही चाकं जागेवर आवळली. मागची फिरत राहिली आणि गाडी तिरकी होत जाऊन शेडच्या खांबाला घासली. ड्रायव्हरला लागलं नाही, बरं झालं.

परत केली. परत तेच. जयराज वाकला आणि मागच्या डिस्कवरून बोट फिरवलं. बोट तेलानं ओलं. माझ्याकडे बघितलं. मग शंभूराज बोलला. "निपल कुणी आवळलं होतं?"

मी.

१२ ऑक्टोबर, रविवार

मीटिंग. सर आले होते, क्लबचे मार्गदर्शक. शंभूराज म्हणाला, निपल सैल राहिलं, ब्रेक ऑइल गळून डिस्कवर आलं, डिस्क तेलकट म्हणून ब्रेक लागला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, मी दोनदा तपासलं होतं. तो म्हणाला, "तपासलं असतं तर गळलं असतं का?"

मला मॅनेजमेंटमध्ये टाकलं. "रिपोर्टचं काम कर, तेही महत्त्वाचं असतं." म्हणजे इंदूर गेलं. सर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस." लावून घेतलंय. खूप रडले. उत्कर्षा पाठीवर हात ठेवून बसली आणि जेवायलाही गेली नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वर्गात एकजण मागून म्हणाला, "मुली घेतल्या की असंच होणार." वळून बघितलं नाही. कोण होतं ते आवाजावरून माहीत आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

एक विचित्र गोष्ट.

शनिवारी डिस्क पुसलेलं फडकं माझ्या बॅगेत तसंच राहिलं होतं. आज वास आला म्हणून धुवायला काढलं. पाण्यात धरलं — काही निघेना. चोळलं तरी नाही. पाणी वरून मोत्यांसारखं घरंगळतंय आणि तेल जिथल्या तिथं.

ओढणीवरचं तर नुसत्या पाण्यानं गेलं होतं.

नळ बंद केला आणि बाथरूममध्येच उभी राहिले. वास घेतला. ब्रेक ऑइलला असा वास नसतो. हा जड, गंधकासारखा. हा वास मला माहीत आहे. गिअरबॉक्समध्ये तेल भरताना सगळ्या शेडभर सुटला होता.

डिस्कवरचं तेल ब्रेकचं नव्हतंच!

बाहेर मुली बादल्या घेऊन दार वाजवत होत्या. मी आतून हसतेय हे त्यांना काय सांगणार.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

गिअरबॉक्सचं तेल असेल तर ते बाहेर आलं कुठून? शेडमध्ये मला आता काम नाही. पण रिपोर्टला फोटो लागतात! शंभूराजला म्हटलं, प्रत्येक भागाचे जवळून फोटो हवेत. "घे की," म्हणाला. बरं वाटलं असेल त्याला, मुकाट्यानं करतेय म्हणून.

गाडीखाली आडवी झाले, मोबाईलचा टॉर्च लावला. गिअरबॉक्समधून दांडा जिथं बाहेर येतो तिथं रबराची गोल कडी असते, आतलं तेल अडवायला. सील म्हणतात तिला. तिथून शेजारच्या डिस्कपर्यंत ओलं. आणि कडीच्या आणि दांड्याच्या बेचक्यात काहीतरी केशरी. चिमट्यानं धरून ओढलं तर निघतंच आहे, निघतंच आहे. नायलॉनचा दोरा, गच्च गुंडाळलेला. मधेच झेंडूची वाळकी पाकळी.

माळ! पूजेत कुणीतरी माळ दांड्याला बांधली. नंतर फुलं ओरबाडून काढली, दोरा राहिला. गाडी चालली, दांडा फिरला, दोरा सरकत सरकत सीलपाशी जाऊन आवळत गेला आणि त्यानं रबर कापलं. किती साधं! आणि किती भारी! एवढासा दोरा आणि चार चाकांची गाडी थांबेना.

फोटो काढले, दोरा खिशात घातला. जयराज इंजिनपाशी होता, त्याला काही बोलले नाही. आधी उत्कर्षाला सांगणार.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीला घरी निघण्याआधी उत्कर्षाला सगळं दाखवलं. मला वाटलं, मिठी मारेल. तिनं दोरा हातात घेतला आणि विचारलं, "ह्यानं रबर कापतं?" म्हटलं, रोज घासला की कापतं. "किती रोज? दांडा किती जोरात फिरतो? सील उलटं बसवलं असतं तर?" मला हसूच आलं. लय इचारतीस तू, म्हटलं.

मग विचारलं, माळ तिथं कोणी बांधली? तू तर होतीस ना त्या दिवशी. तिनं दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. म्हणाली, "आधी मीटिंगमध्ये सांग. मग बघू."

२१ ऑक्टोबर, मंगळवार. घरी

लाडू. करंज्या. आप्पा विचारतात, थांबतीय का गाडी? म्हटलं, थांबंल.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज मीटिंग झाली. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर डोक्यात घोळ होईल.

मी दोरा टेबलावर ठेवला, फोटो दाखवले. एका ग्लासात पाणी घेऊन त्यात ब्रेक ऑइल टाकलं, ते मिसळलं. दुसऱ्यात गिअरबॉक्सचं टाकलं, ते तरंगलं. जयराजनं फडक्याचा वास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे ब्रेकचं न्हाई. माझी चूक झाली, मी वासच घेतला न्हाई." त्याला किती जड गेलं असेल. पण बोलला.

शंभूराज ऐकायला तयार नाही. "दोरा कुठूनही येईल. तिथं कोण माळ बांधेल?" सर म्हणाले, सोपं आहे, विचारू. माळा कुणी कुणी बांधल्या?

कुणी बोलेना. वीस पोरं आणि सगळी आपापल्या बुटांकडे बघतायत. कुणीतरी मागून म्हणालं, सजावट मुलींकडेच असते. सर थांबले, परत विचारलं. मग म्हणाले, "कुणीच सांगत नाही म्हणजे नक्की काहीच कळत नाही. मग यादी आहे तशीच ठेवू." माझे कान तापले. एवढं करून परत तिथंच!

तेवढ्यात उत्कर्षा उभी राहिली. "सर, मी बांधली. मला वाटलं तो दांडा फिरत नसेल."

सर म्हणाले, "दोन वर्षं क्लबमध्ये आहेस आणि एवढं माहीत नाही?"

"दोन वर्षांत मला आत येऊन बघ म्हणून कुणी म्हणालं का सर?"

हे ती अगदी हळू बोलली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, उद्यापासून गिअरबॉक्स हीच उघडेल. सील हीच बदलेल. एकेक भाग ओळखता आला पाहिजे, तोपर्यंत फोटोबिटो बंद. आणि सोनिया परत ब्रेकला. शंभूराजनं कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली.

मी परत ब्रेकला! आणि तरी मला राग आलाय. भयंकर. हॉस्टेलवर मी दोरा हातात दिला तेव्हा ही गप्प बसली. मी इतकी रडले, हिच्याच खांद्यावर रडले, आणि कळल्यावरही सांगितलं नाही. आज बोलली म्हणून काय झालं? दिवाळीभर मनात ठेवलंच ना.

३० ऑक्टोबर, गुरुवार

बोलले नाही तिच्याशी. तीही बोलली नाही. ती शेडमध्ये गेली.

५ नोव्हेंबर, बुधवार

अबोला मोडला. तो तिच्या प्रश्नांमुळेच मोडला.

मी मागची डिस्क साफ करत होते, ती शेजारी पेपर पसरून गिअरबॉक्स उघडून बसलेली. कोपरापर्यंत काळी. आधी स्वतःशी पुटपुटत होती. मग म्हणाली, "हे छोटं चाक मोठ्याला फिरवतं, मग ताकद वाढते, पण वेग कमी होतो, मग ताकद आली कुठून?" मी म्हटलं, कुठूनही नाही, तेवढीच आहे, फक्त सावकाश वापरतो. म्हणाली, "म्हणजे चढावर ओझं घेऊन नागमोडी जातो तसं?" म्हटलं, तसंच. आणि मग मला आठवलं, की आपण हिच्याशी बोलत नाही.

नवीन सील तिनंच बसवलं. पहिलं वाकडं गेलं, दुसरं बरोबर बसलं. जयराज बाजूला उभा होता. म्हणाला, "हिला कुणी इतके दिवस फोटो काढायला ठेवलं होतं?"

राग पूर्ण गेलेला नाही. पण तिला असं मांडी घालून, जिभेचं टोक बाहेर काढून बोल्ट फिरवताना बघितलं की फार टिकतही नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आवळली! चारही. एका दमात. मातीत चार रेघा उमटल्या, सारख्या लांबीच्या. जयराजनं परत करायला लावली, मग आणखी परत. प्रत्येक वेळी चारही. शंभूराज माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चांगलं काम केलंस." माझ्याकडे बघत नव्हता, रेघांकडे बघत होता.

संध्याकाळी इंदूरची यादी. ब्रेक — जयराज, सोनिया. गिअरबॉक्समध्ये दुसरं नाव उत्कर्षाचं. सस्पेन्शन नाही, पण ती म्हणते आता सस्पेन्शन नकोच.

आप्पांना फोन केला. म्हटलं, थांबली. म्हणाले, "थांबनारच की." जसं काही त्यांनीच निपल आवळलं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उत्कर्षाकडे सॅनिटरी पॅड मागितलं. म्हणाली, "खालच्या कप्प्यात बघ, नवमीला आणलेलं पाकीट हाय, त्यात उरलेत."

नवमीला?

"त्याच सकाळी आली होती. आईनं फोनवर बजावलं, पूजेला शिवू नको. मी शेडच्या बाहेरच उभी होते दिवसभर. पोरांना वाटलं फोटो काढतीय."

म्हटलं, मग माळ?

"मी कुठल्याच माळेला हात लावला नाही गं. पण कुणीतरी मी बांधली म्हणायला पाहिजे होतं. तुझं नाव सुटलं, मी आत गेले. ज्यानं बांधली त्याचं त्याला माहीत."